पाण्याकडची रिंग

रत्नपाल सरांनी बोटांवर आडवा तळवा धरून टाइमआउट मागितला तेव्हा फळ्यावर एकोणीस-एकतीस असे आकडे होते आणि सहा मिनिटं उरली होती. पोरी धापा टाकत बाकाजवळ आल्या. सरांनी उकिडवं बसून खडूनं सिमेंटवर बास्केटबॉलची रिंग काढली, तिच्याखाली दोन बाण काढले.

“रिबाउंड काऊन सोडून राहिल्या तुम्ही? रिंगला लागून बॉल परत येते, अन् तिथं आपली एक पोरगी नाही राहत! मागच्या वर्षी हेच बॉल झोपेत पकडत होत्या ना तुम्ही?”

मग सरांच्या ध्यानात आलं, की खडूकडे कुणाचं लक्षच नाही. पाचही जणी बाकाच्या पार टोकाकडे बघत होत्या. तिथे पाण्याचा कॅन होता, कुणाचातरी स्वेटर पडला होता. बाकी काही नव्हतं.

“तिकडं काय ठेवलं आहे? इकडं पाहा!”

कॅप्टन चेतना बिसेननं मान खाली घातली. शिट्टी झाली, पोरी आत गेल्या आणि पुढच्या सहा मिनिटांत जे व्हायचं ते झालं. वर्षापूर्वी नागपूर विभाग जिंकून आलेली हिवरटोल्याची शाळा गोंदियात, जिल्ह्याच्या पहिल्याच फेरीत, पंधरा गुणांनी हरली.

रत्नपाल मेश्राम सर नळावर तोंड धूत होते तेव्हा शहरातल्या एका शाळेचे क्रीडाशिक्षक शेजारी येऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं.

“मेश्राम सर, बुरा मत मानो. पिछले साल आपका तुक्का लग गया था.”

सरांनी पाण्याचा आणखी एक हबका तोंडावर मारला आणि रुमाल सापडत नसल्यासारखे खिसे चाचपत राहिले.

तुक्का. गेलं वर्षभर हा शब्द त्यांच्या मागे हात धुऊन लागला होता. विभागात तीन सामने जिंकले. पहिला तीन गुणांनी, दुसरा दोन, अंतिम सामना एका गुणानं. तिन्ही मिळून फरक सहाचा. पेपरवाल्यानं ‘नशिबाची साथ’ असं छापलं. पुढे राज्याला गेले तर एक्केचाळीस गुणांनी सपाटून मार खाल्ला, तेव्हा हेडमास्तर यादोराव सर स्टाफरूममध्ये चहा ओतता ओतता म्हणाले, “जाऊ द्या ना मेश्राम, एखाद्या वर्षी लागते एखाद्याचा तुक्का. त्यात लाजायचं काय?” सगळे हसले. रत्नपाल सर हसले नाहीत. त्यांनी कप तसाच ठेवला आणि मैदानावर निघून गेले.

आता कुणी म्हणेल, एका शब्दाचं माणसानं किती मनावर घ्यावं? जिंकले ते जिंकले, ढाल शाळेच्या कपाटात आहे, झालं. पण सरांच्या मनात त्या शब्दाला एक पोरगी चिकटलेली होती. नववीतली रचना शेंडे. संघाच्या बारा नावांतलं बारावं नाव तिचं. ती एक मिनिटही खेळली नव्हती, खेळूच शकत नव्हती. तिला सिकलसेल होता, थंडीनं, दमणुकीनं, पाणी कमी पडलं तरी उसळणारा रक्ताचा आजार. नागपूरला त्या नोव्हेंबरात हाडं गोठवणारी थंडी पडली. पोरी एका शाळेच्या हॉलमध्ये सतरंजीवर झोपल्या. परत आल्यावर चौथ्या दिवशी रचनाचे सांधे दुखायला लागले, मग छाती दुखायला लागली. संघ राज्याला गेला तेव्हा ती गोंदियाच्या दवाखान्यात होती, आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेली.

तेव्हापासून सरांना एवढंच हवं होतं, की ती जीत खरी असावी. पोरींच्या मेहनतीची असावी, पुन्हा करून दाखवता येण्याजोगी असावी. तुक्काच असेल, तर एका आजारी लेकराला थंडीत नेलं ते कशासाठी? नाण्याची एक बाजू वर आली ती बघायला? म्हणून वर्षभर त्यांनी पोरींना पहाटे पळवलं, रविवारी पळवलं, परीक्षेच्या आदल्या दिवशीही पळवलं. आज सगळ्यावर पाणी पडलं.

परतीच्या एसटीत पोरी मागच्या बाकांवर गुपचूप बसल्या. एरवी त्यांची टाळकी एकमेकींत घुसलेली असायची, गाणी चालायची, कंडक्टर वैतागायचा. आज बॉलची जाळी मांडीवर घेऊन चेतना सरांच्या शेजारी येऊन बसली. खिडकीबाहेर धान कापलेल्या खाचरांच्या बांध्या मागे पडत होत्या. बराच वेळ ती जाळीच्या गाठीशी चाळा करत होती.

“सर, एक सांगू का? रागावणार नाही ना?”

“आता कायचा राग, चेतना? बोल.”

“रचना सांगे आमाले.”

“काय सांगे?”

“बॉल कुठी पडते ते.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. “वेडी आहे का? रिंगला लागून बॉल कुठं पडल, हे कोणाच्या बापाला समजते?”

“तिले समजे,” चेतना म्हणाली. “हात उचलला का समजे. उजवीकडून लांबून मारला तं पलीकडं पडते. दुर्गा दमली का ढिल्ला सोडते, तं पुढंच पडते. सर, आपल्या पाण्याकडच्या रिंगखाली तीन वर्षं कोन होतं? तेच तं होती.”

हिवरटोल्याच्या शाळेचं मैदान तलावाच्या काठाला उतरत गेलेलं. एक रिंग शाळेकडे, दुसरी पाण्याकडे. पाण्याकडच्या रिंगवर नेम चुकला, की बॉल घरंगळत थेट तलावात, आणि तलावात शिंगाड्याचे वेल. शिंगाडेवाला चुन्नीलाल काठीच घेऊन उठायचा. त्याच्या वेलींत एकदा बॉल अडकला, की अर्धा तास त्याच्या शिव्या आणि सराव बंद. रचनाला डॉक्टरांनी पळायला मनाई केली होती, पण तिला घरी करमायचं नाही. म्हणून सरांनीच तिला त्या काठावर उभं केलं होतं, बॉल अडवायला. पोरीलाही बरं वाटेल आणि चुन्नीलालचं तोंडही बंद राहील.

“आमी मारो, अन् ते अडवे,” चेतना सांगत होती. “तिले धावता नाही ये ना सर. मंग ते आधीच जाऊन उभी राहे. बॉल रिंगले लागायच्या आधी.”

सर समोरच्या बाकाच्या दांडीकडे बघत राहिले. हे त्यांनी पाहिलं होतं. शंभरदा, हजारदा पाहिलं होतं. चुकलेला बॉल उतारावरून जायचा तो नेमका रचनाच्या पायाशी. त्यांना वाटायचं, बरं आहे, आपोआपच तिच्याकडे जातो, पोरीला त्रास नाही. तीन वर्षांत त्यांच्या डोक्यात दुसरा विचार शिरला नाही. ती गेल्यावर त्यांनी ढिवरांकडून एक फाटकं मासळीचं जाळं मागून आणलं, बांबू रोवून काठाला बांधलं, आणि काम भागलं.

“मंग मॅचमध्ये?” सर तिच्याकडे वळले.

“बाकाच्या टोकाले उभी राहे. आमचं नाव घे अन् सांगे. ‘अल्का पलीकडं’, ‘दुर्गा पुढं’. तेवढंच. फायनलले तं लाइनीच्या बाजूनं इकडून तिकडं जाऊन राहिली होती. पंचानं बसवलं, तं बसली. मंग पुन्हा उठली.” चेतनानं ओढणीनं नाक पुसलं. “आज टाइमआउटले तुमी बोलून राहिले होते ना, तवा आमी… सवयीनं पाहिलं सर. सगळ्यांनी एकाच वेळी पाहिलं.”

“मला काऊन नाही सांगितलं हे? एवढं वर्ष गेलं!”

चेतना गोंधळली. तिच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य होतं.

“आमाले वाटलं, तुमाले मालूम आहे. तुमीच तं तिले टीममदी घेतलं होतं ना? त्याच्याचसाठी.”

वाटेवरचं गोरेगाव आलं. काही माणसं उतरली, धानाचं पोतं घेऊन एक म्हातारा चढला, त्यानं सरांना रामराम केला. सरांनी हात जोडले की नाही हे त्यांनाही आठवलं नसतं. त्यांच्या छातीत काहीतरी मोकळं होत होतं आणि त्यांना ते थांबवता येत नव्हतं. खोटं कशाला बोला, त्यांना आनंदच झाला होता. तुक्का नव्हता! त्यांच्या कोचिंगचं श्रेय गेलं ते गेलं, खड्ड्यात जावो. पण ती जीत कुणाची तरी होती, पक्की, डोळ्यांनी शिकलेली. राज्याला एक्केचाळीसनं का हरलो, आज का हरलो, सगळ्याला उत्तर होतं. आणि ते उत्तर एका बाईला सांगायला हवं होतं. आजच्या आज.

हिवरटोल्याच्या फाट्यावर सगळे उतरले. पोरी आपापल्या घरी गेल्या. सर घरी न जाता बौद्धवाड्याकडे वळले. ऊन अजून पांढरं होतं.

रचनाची आई यशोदाबाई दारात बिड्या वळत बसली होती. मांडीवर सूप, सुपात ओली तेंदूपानं आणि तंबाखू. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. तिला ही एकच पोर होती. सरांना बघून तिनं पदर सारखा केला आणि ओसरीवरची खाट दाखवली.

“बसा जी. हारल्या ना पोरी?”

“तुम्हाला कोणी सांगितलं, ताई?”

“तुमचं तोंडच सांगून राहिलं.” ती उठली, आतून तांब्याभर पाणी आणून दिलं आणि पुन्हा सुपाशी बसली. बोटं लगेच चालू झाली. पान, चिमूटभर तंबाखू, वळ, दोरा. “होते जी असं. मागच्या वर्षी नशिबानं जितल्या, यंदा नशिबानं हारल्या.”

“नाही ताई.” सर खाटेच्या काठावर सरकले. “तेच सांगायला आलो मी. नशीब नव्हतं ते. रचना होती.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. तलावाचा काठ, चुकलेले बॉल, ती आधीच जाऊन उभी राहायची ते. बाकाच्या टोकावरून नावं घेऊन सांगायची ते. इतकी वर्षं शिकवतो आहे, पण हे मलाही दिसत नाही हो, असं म्हणाले. एका गुणानं फायनल जिंकलो तो गुण तिचाच होता, असं म्हणाले. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांना वाटलं, वर्षभर ज्या दारासमोरून आपण मान खाली घालून जात होतो, तिथे आज काहीतरी घेऊन आलो आहोत.

यशोदाबाईची बोटं मधेच कुठेतरी थांबली होती. अर्धी वळलेली बिडी तिच्या हातात सुटून पुन्हा पान झाली.

“म्हंजे ते बसून नोहती,” ती म्हणाली.

सरांना पटकन काही कळलं नाही.

“उभी होती?”

“हो.”

“तिन्ही मॅच?”

“तिन्ही.” त्यांचा हात तांब्याकडे गेला आणि तसाच राहिला. “चेतना म्हणते, फायनलला… लाइनीच्या बाजूनं चालत होती.”

“पानी पेली काय? घडोघडी पानी पाजा म्हटलं होतं मी तुमाले. थर्मास देल्ला होता संगं.”

सरांना थर्मास आठवला. निळा होता. त्यातलं पाणी कुणी प्यायलं, तो उघडला तरी होता का, हे त्यांना काही केल्या आठवेना. नागपूरचे तीन दिवस त्यांना मिनिटामिनिटानं पाठ होते, कोणत्या पोरीनं कितव्या मिनिटाला बास्केट केली हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. पण त्यात रचना कुठेच नव्हती. सकाळी बसमधून उतरताना होती, मग रात्री जेवताना होती.

“मी बॉलकडे बघत होतो, ताई,” ते म्हणाले.

यशोदाबाईनं सुपातली पानं एका बाजूला सारली, पुन्हा सारखी केली. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, सरांना काहीतरी करता आलं असतं.

“तुमी इथंच उभे होते जी, आंगनात. तिले नेतानी तुमीच म्हटलं होतं, ताई, बसूनच राहील ते, पोरींसंगं नागपूर पाहून येईल. मी तोच शब्द धरून राहिली. लोकं लय बोलले तुमाले. बिमार पोरगी नेली म्हने, मारून टाकली म्हने. मी भांडो त्याइच्यासंगं. नाही बाप्पा, म्हनो, सरानं बसवून ठेवलं होतं तिले. लेकरू सुखानं बसलं, खेळ पाहिला, हासलं. मंग नशिबानं नेलं, त्याले कोन काय करन?” तिचा आवाज कुठेही चढला नाही. “नशीब होतं म्हनूनच मी जगून राहिली होती जी.”

शेजारच्या घरात कुणीतरी पाटा धुतला, पाणी गल्लीत आलं. सर त्या पाण्याकडे बघत होते. वर्षभर ज्या शब्दाशी ते उभा दावा मांडून होते, त्याच शब्दाच्या आधारानं ही बाई इथे त्यांच्यापासून चार हातांवर बिड्या वळत बसली होती, आणि आज त्यांनी हौसेनं येऊन तो काढून घेतला होता. माफी मागावी असं त्यांच्या मनात आलं. पण कशाची मागायची? नेलं त्याची, बघितलं नाही त्याची, की सांगितलं त्याची?

यशोदाबाईनं विचारलं,

“जोरानं ओरडे काय?”

“अं?”

“मॅचमदी. पोरींले आयकू जाय म्हंता, म्हंजे जोरानंच ओरडत असन.” तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं. “घरी तं तिचा आवाजच नाही निंगे जी. दवाखान्यात पानी मांगे, तं खुनेनं मांगे. जोरानं ओरडतानी मी नाही आयकलं तिले कदी.”

हो म्हणायला काय जात होतं? हो ताई, सगळं मैदान दणाणून सोडायची, असं सांगता आलं असतं. तिला तेवढंच तर हवं होतं. सरांनी तोंड उघडलंही. पण आज दुपारपासून त्यांना स्वतःच्या बोलण्याची भीती वाटायला लागली होती.

“मी नाही ऐकलं, ताई. लोकं ओरडत होते. मीही ओरडत होतो.”

तिनं मान हलवली, जणू हे तिला ठाऊकच होतं.

“चेतनानं आयकलं असन.”

“हो. तिनं ऐकलं. पाचही जणींनी ऐकलं.”

“मंग त्याइले पाठवजा माह्याकडं. शाळा सुटली का पाठवजा. ते काय म्हने, कशी म्हने, तसंच्या तसं करून दाखवा म्हना मले.” आणि मग, घाईघाईनं, “चहा करीन म्हना पोरींसाठी.”

“उद्याच घेऊन येतो मी.”

यशोदाबाईनं नवं पान उचललं. त्यावर मापाचा पत्र्याचा तुकडा ठेवला, कात्रीनं कडा कापली. पान नीट कापलं गेलं आहे ना हे उजेडाकडे धरून पाहिलं.

“तुमी नोका येऊ जी,” ती म्हणाली. “पोरींलेच पाठवजा.”

सर उठले. चप्पल घालताना त्यांचा डावा पाय दोनदा उजव्या चपलेत गेला. चेतनाचं घर पाटलाच्या विहिरीपलीकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. पोरींना निरोप उद्या दिला तरी चाललं असतं, पण ते तिकडेच चालू लागले.